गैरहजरांची मैफल : रॉकच्या ‘लाइव्ह’ तबकड्यांची संहिता

१

१९७० च्या मे महिन्यात ‘द हू’ या इंग्रजी बँडची ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’ ही तबकडी बाजारात आली. तिच्या कव्हरवर चित्र नव्हते, बँडचे छायाचित्र नव्हते. साध्या खाकी पुठ्ठ्यावर रबरी शिक्का थोडा तिरका मारावा तसे बँडचे आणि तबकडीचे नाव उमटवलेले होते. आत जुन्या कागदपत्रांच्या नकला होत्या, त्यांत एका करारपत्राचीही नक्कल होती. तबकडीच्या मधल्या लेबलावर हाताने लिहिल्यासारखी सूचना होती : खरखर ऐकू येते ती तशीच राहू द्यावी, दुरुस्त करू नये.

ही सारी वेशभूषा चोरट्या तबकडीची होती. आदल्याच वर्षी, १९६९ मध्ये, अमेरिकेत बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाची तबकडी कोऱ्या पांढऱ्या पाकिटातून विकली गेली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ओकलंडला झालेला ‘रोलिंग स्टोन्स’चा कार्यक्रम कोणीतरी प्रेक्षागृहातून टिपला आणि त्याचीही चोरटी तबकडी निघाली. कंपन्या या व्यापाराने चिडल्या. ऐकणाऱ्यांना मात्र त्यात एक वेगळीच चव सापडली. कंपनीने घासूनपुसून दिलेल्या मालापेक्षा हे खरे, असे त्यांना वाटू लागले. ‘द हू’ने ती चव ओळखली आणि अधिकृत तबकडीला चोरट्या तबकडीचे कपडे चढवले.

या लेखाचा प्रश्न इथून सुरू होतो. ‘लाइव्ह’ तबकडी ऐकताना आपण नेमके काय ऐकतो? घडून गेलेल्या एका रात्रीची साक्ष, की त्या रात्रीच्या सामग्रीतून नंतर शांतपणे रचलेली एक कृती? साक्ष असेल तर तिला खरे-खोटेपणाचा निकष लावावा लागेल. कृती असेल तर बांधणीचा. रॉकविषयीचे बरेचसे लेखन हे दोन निकष एकमेकांत मिसळते. ‘किती जिवंत!’ अशी दाद देते आणि पुढे कुठे काही जोडलेले-कापलेले आहे असे कळले की फसवले गेल्यासारखा चेहरा करते. मराठी वाचकाला हा गोंधळ परका नाही. मैफलीची टेप आणि कंपनीची रेकॉर्ड यांत खरा गवई कोणता, हा वाद आपल्याकडेही रंगत आला आहे.

२

आधी लीड्सचीच तबकडी नीट ऐकू. तिच्यावर फक्त सहा गाणी आहेत आणि दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटेही भरत नाहीत. प्रत्यक्षात १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेला कार्यक्रम याच्या तिपटीहून मोठा होता. त्याच्या मध्यभागी ‘टॉमी’ हा बँडचा रॉक-ऑपेरा जवळजवळ संपूर्ण वाजवला गेला होता.

तबकडीच्या पहिल्या बाजूवर ‘यंग मॅन ब्लूज’ आणि ‘सबस्टिट्यूट’ ही दोन गाणी लागोपाठ येतात आणि त्यांच्यामागून ‘समरटाइम ब्लूज’ सुरू होते. ऐकणाऱ्याला हा एकच ओघ वाटतो. प्रत्यक्षात दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये तासाभराहून अधिक संगीत कापलेले आहे. त्या तासाभरात दोन छोटी गाणी, अनेक तुकड्यांचे एक दीर्घ गाणे आणि अख्खा ‘टॉमी’ होऊन गेला होता. ‘समरटाइम ब्लूज’ हे जुने, सोपे रॉक-अँड-रोल त्या रात्री एवढ्या मोकळ्या अंगाने आले, त्याचे कारण त्याच्या आधी काय होते यात आहे. तास-दीड तास गंभीर, गुंतागुंतीची रचना सांभाळल्यावर चौघांनी एकदम हातपाय ताणले. तबकडीने हे कारण काढून टाकले आणि परिणाम तेवढा ठेवला.

मग ही लबाडी म्हणायची का? मला तसे वाटत नाही, कारण दुसऱ्या बाजूवर या कापाकापीचा एक विलक्षण लाभ दिसतो. ‘माय जनरेशन’ हे मूळचे तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे इथे सुमारे पंधरा मिनिटे चालते. गाणे संपले असे वाटते आणि पीट टाउनशेंडचे गिटार नवी वाट धरते. त्या भटकंतीत ‘टॉमी’तल्या सुरावटी मध्येच डोके वर काढतात आणि पुन्हा विरतात. लीड्सच्या भोजनगृहात बसलेल्यांसाठी ती थोड्या वेळापूर्वी ऐकलेल्या गोष्टीची पुनरुक्ती होती. तबकडी ऐकणाऱ्यासाठी ती आठवण आहे, आणि तीही या तबकडीवर जे वाजलेच नाही त्याची. आदल्या वर्षीचा ‘टॉमी’चा संच ज्याने ऐकला आहे त्याला इथे एकदम खोली जाणवते. जे सभागृहात पुनरावृत्ती होते ते तबकडीवर सूचन झाले. हा अर्थ त्या रात्रीने दिलेला नाही, तो संपादनाने दिला आहे.

१९९५ मध्ये याच कार्यक्रमाची वाढवलेली सीडी निघाली आणि २००१ मध्ये ‘टॉमी’सह दोन सीडींची आवृत्ती आली. लेबलावरची सूचना मोडून खरखर पुसली गेली. ‘आता संपूर्ण कार्यक्रम’ म्हणून तिचे स्वागत झाले, आणि एंटविसलचे बास, किथ मूनचे ड्रम यांचा जो तपशील तिथे उलगडतो तो अनमोलच आहे. पण २००१ च्या आवृत्तीतही ‘टॉमी’ त्याच्या जागी नाही. तो वेगळा काढून दुसऱ्या सीडीवर ठेवलेला आहे. म्हणजे ‘संपूर्ण’ आवृत्तीनेही क्रम बदललाच. सहा गाण्यांची जुनी तबकडी निदान आपण निवड केली आहे हे लपवत नव्हती. तिचा आकारच ते सांगत होता.

३

आकाराचा मुद्दा इथे थोडा विस्ताराने पाहायला हवा, कारण रॉकच्या समीक्षेत तो सहसा ‘तांत्रिक’ म्हणून बाजूला टाकला जातो.

लाँग-प्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. वेग कायम असला तरी सुईखालून जाणारी खाच कायम सारख्या वेगाने जात नाही. कडेला, जिथे गाणे सुरू होते, तिथे सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच सुईखालून सरकते. लेबलाजवळ हे अंतर वीस-एकवीस सेंटिमीटरवर येते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरावा लागतो. बाजू जसजशी संपत येते तसतसे बारीक तपशील दाटीवाटीने बसतात आणि मोठा आवाज फाटण्याचा धोका वाढतो. शिवाय मोठ्या आवाजाला, विशेषतः खर्जाला, रुंद खाच लागते. बाजू लांब करायची तर आवाज बारीक करावा लागतो. वीस-बावीस मिनिटांच्या पुढे ही ओढाताण सुरू होते.

या हिशेबात दीर्घ वादन बसवायचे म्हणजे काय, हे ‘ऑलमन ब्रदर्स बँड’च्या ‘अ‍ॅट फिल्मोर ईस्ट’ या जोडतबकडीत दिसते. न्यूयॉर्कच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरचे हे नाट्यगृह बिल ग्रॅहमने १९६८ मध्ये रॉकसाठी उघडले. एके काळी यिद्दिश रंगभूमीने गजबजलेल्या वस्तीत ते होते. तिथे १९७१ च्या मार्चमध्ये टॉम डाउड या निर्मात्याने बँडचे कार्यक्रम टिपले. जुलैमध्ये तबकडी आली, तोवर फिल्मोर ईस्ट कायमचे बंद झाले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस बँडचा म्होरक्या ड्वेन ऑलमन मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्यामुळे ही तबकडी निघाल्यापासून काही महिन्यांतच स्मारक बनली. तिच्याविषयीच्या लेखनात अजूनही हळवेपणा जास्त आणि ऐकणे कमी असते.

तिच्या चार बाजूंवर अवघी सात गाणी आहेत. दुसऱ्या बाजूवर एकच, सुमारे एकोणीस मिनिटांचे. चौथ्या बाजूवर ‘व्हिपिंग पोस्ट’, तेही एकटेच, तेवीस मिनिटांचे. म्हणजे बाजू बदलण्याचा जो अडथळा, त्यालाच इथे अंक पडण्याचे काम दिले आहे. पहिल्या बाजूवर तीन ब्लूज गाणी ओळख करून देतात, दुसरी बाजू एक साधे गाणे किती ताणता येते ते दाखवते, तिसरीवर गाण्यावाचून केवळ वाद्यांच्या दोन रचना येतात आणि चौथ्या बाजूवर साऱ्याचा कस लागतो. उठून तबकडी उलटण्याची ती काही सेकंदे ऐकणाऱ्याचा श्वास पुन्हा जागेवर आणतात. सीडीवर किंवा फोनवर हीच गाणी सलग ऐकली की तिसऱ्या बाजूची रचना आधीच्या दमात वाहून जाते.

‘व्हिपिंग पोस्ट’ ज्या रीतीने संपते तेही ऐकण्यासारखे आहे. अखेरचा स्वर विरतो, टाळ्या येतात आणि त्या गजरातच पुढच्या वादनाची सुरुवात ऐकू येते. मग आवाज हळूहळू मिटत जातो. कार्यक्रम पुढे चालू राहिला, आपल्यापुरते दार बंद झाले. दारापलीकडे जे चालू होते ते ‘माउंटन जॅम’, तेहतीस मिनिटांचे वादन. ते पुढच्या वर्षी, ड्वेनच्या मृत्यूनंतर, ‘ईट अ पीच’ या जोडतबकडीत आले. तेहतीस मिनिटे एका बाजूवर मावणे शक्यच नव्हते, म्हणून ते दोन भागांत तोडले आणि दुसऱ्या व चौथ्या बाजूवर ठेवले. तबकड्या एकावर एक रचून वाजवणाऱ्या यंत्रावर ते मध्ये थोडी फट पडून का होईना, ओळीने ऐकता येत असे. एका तबकडीच्या शेवटी जे अर्धवट ऐकू आले त्याची पूर्तता दुसऱ्या तबकडीत व्हावी, आणि मध्ये वाजवणाराच नाहीसा झालेला असावा, हा योग कोणी ठरवून आणलेला नव्हता. पण एकदा तो झाल्यावर त्या विरत जाणाऱ्या आवाजाचा अर्थ पूर्वीचा राहिला नाही.

या तबकडीतही कात्री चाललेली आहेच. ‘स्टॉर्मी मंडे’मधला हार्मोनिकाचा एक तुकडा मूळ तबकडीत कापलेला आहे, नंतरच्या विस्तृत आवृत्त्यांत तो परत आला. परत आलेला तुकडा ऐकावा, तो वाईट नाही. पण गाण्याचा जो एकसंध, जड, संथ चालणारा दाब मूळ तबकडीत आहे तो त्याने सैल होतो. डाउड यांची कात्री इथे बरोबर होती असे माझे मत आहे. आणि कव्हरवर विटांच्या भिंतीपुढे खो-खो हसणारे सहा जण पाहून हे नाट्यगृहाचे मागचे दार असेल असे ज्यांना वाटते, त्यांनी हेही जाणून घ्यावे की ते छायाचित्र न्यूयॉर्कपासून शेकडो मैल दूर, जॉर्जियातल्या मेकन या बँडच्या गावी काढलेले आहे.

४

संपादनाचे प्रकार वेगळे करून पाहिले तर चर्चा थोडी नेमकी होईल. मला चार दिसतात : निवड, क्रम, सांधा आणि दुरुस्ती.

लीड्सच्या तबकडीत निवड आहे. निवड आणि क्रम मिळून काय करू शकतात याचा उत्तम नमुना म्हणजे ‘डीप पर्पल’चे ‘मेड इन जपान’. १९७२ च्या ऑगस्टमध्ये बँडने ओसाकाला १५ व १६ तारखेला आणि टोकियोच्या बुदोकानमध्ये १७ तारखेला कार्यक्रम केले. बुदोकान ही १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी बांधलेली वास्तू. तिन्ही कार्यक्रम मार्टिन बर्च या त्यांच्या नेहमीच्या ध्वनिमुद्रकाने टिपले. जोडतबकडीवर सात गाणी घेतली गेली. त्यांतली चार दुसऱ्या रात्रीची, ‘स्मोक ऑन द वॉटर’ पहिल्या रात्रीचे आणि ‘द म्यूल’ व ‘लेझी’ ही टोकियोची.

म्हणजे जगभरच्या लाखो लोकांनी जो जपानमधला कार्यक्रम पाठ केला तो तीनपैकी कोणत्याच रात्री झालेला नाही. ती चौथी रात्र आहे आणि ती फक्त तबकडीवर आहे. तरीही ‘मेड इन जपान’ची ख्याती प्रामाणिक ध्वनिमुद्रण म्हणून आहे, आणि ती योग्य आहे. कारण त्यात जे वाजते ते त्या क्षणी वाजलेले आहे. स्टुडिओत जाऊन त्यावर काही चढवलेले नाही. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये इयन गिलनचा गळा आणि रिची ब्लॅकमोरचे गिटार यांचे सवाल-जवाब होतात, तेव्हा गिटार पुढे काय टाकेल याची गायकाला असलेली धाकधूक ऐकू येते. ती धाकधूक मागाहून तयार करता येत नाही.

मागाहून करता येते ते काय, हे ‘थिन लिझी’च्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’वरून कळते. या तबकडीचा बराच मोठा भाग स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित केला, असे तिचे निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी नंतर सांगितले. गिटारवादक ब्रायन रॉबर्टसन यांनी ते ठामपणे नाकारले. त्यांच्या मते दुरुस्त्या किरकोळ होत्या. वाद मिटलेला नाही. ‘ग्रेटफुल डेड’च्या ‘युरोप ’७२’ या तीन तबकड्यांच्या संचाबाबत तर वादही नाही : त्यातले गायन बऱ्याच ठिकाणी स्टुडिओत पुन्हा केले गेले आणि टाळ्या मोठ्या प्रमाणात काढून टाकल्या गेल्या. ‘रोलिंग स्टोन्स’ने चोरट्या तबकडीनंतर आणलेल्या १९७० च्या अधिकृत लाइव्ह तबकडीतही गायनाची डागडुजी आहे.

मग रेषा कुठे ओढायची? ‘स्टुडिओचा हात लागला की बाटले’ ही भूमिका सोपी आहे, पण टिकत नाही. ‘युरोप ’७२’मधले गायन दुरुस्त केलेले असूनही तिच्यातली वाद्यांची चाल ज्याने ऐकली आहे तो तिला खोटी म्हणणार नाही. माझा निकष असा आहे : ज्या धोक्यामुळे आपण लाइव्ह तबकडी ऐकतो तो धोका तिच्यात शिल्लक आहे का? स्टुडिओत चुकले तर पुन्हा वाजवता येते. रंगमंचावर चुकीतून पुढे जावे लागते, आणि अनेकदा त्या चुकीतूनच नवे काही सुचते. निवड, क्रम आणि सांधा या धोक्याला धक्का लावत नाहीत. ते फक्त कोणता धोका आपल्यापर्यंत पोचवायचा हे ठरवतात. दुरुस्ती मात्र नेमका तोच काढून घेऊ शकते. बेसूर लागलेला एखादा स्वर सुधारला तर बिघडत नाही. पण त्या स्वरामुळे गिटारने जी वाट बदलली ती आता निष्कारण वाटू लागली, तर मात्र तबकडीने आपलीच संगती मोडली. हा दोष नैतिक नाही, तो बांधणीचा आहे. म्हणून तो कानाने शोधता येतो. निर्मात्याच्या कबुलीजबाबाची वाट पाहावी लागत नाही.

५

संपादनाच्या अगदी विरुद्ध टोकाला उभे आहेत ते ‘ग्रेटफुल डेड’चे टेपवाले. या बँडने प्रेक्षकांना कार्यक्रम टिपू दिले आणि १९८४ च्या ऑक्टोबरात बर्कलीच्या कार्यक्रमापासून त्यांच्यासाठी वेगळी आसनेच राखून ठेवायला सुरुवात केली. ध्वनिग्राहकांच्या काठ्यांचे रान उभे राहिले. टेप विकायची नाही, बदलून घ्यायची, असा त्या समाजाचा अलिखित नियम होता. कोणत्या रात्री कोणते गाणे कितव्या जागी आले, किती लांबले, कोणत्या गाण्यातून कोणत्या गाण्यात शिरले, याच्या वह्याच्या वह्या लोकांनी भरल्या.

या साऱ्या साठ्यात ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला कार्यक्रम मुकुटमणी मानला जातो. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रकाने तो टिपला होता. पुढे तिच्या टेपांचा साठा भाड्याच्या कोठारात पडून राहिला, भाडे थकले आणि १९८६ मध्ये तो लिलावात गेला. तिथून त्या टेपांच्या प्रती हातोहात पसरल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या यादीत या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय ठेवा म्हणून स्थान दिले. अधिकृत तबकडी मात्र २०१७ मध्ये, म्हणजे कार्यक्रमानंतर चाळीस वर्षांनी आली. कंपनीने प्रकाशित करण्याआधीच श्रोत्यांनी एका कृतीला अभिजात ठरवले होते.

इथे संपादन कोणी केले? मला वाटते श्रोत्यांनीच. हजारो रात्रींमधून एक रात्र निवडणे हेही संपादनच आहे, फक्त ते कात्रीने न होता वर्षानुवर्षांच्या ऐकण्याने झाले. संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. अभंग आधी कंठात ठरतो, मग वहीत आणि त्याच्याही नंतर छापखान्यात.

पण या संपूर्णतेच्या आग्रहाला मर्यादाही आहे. सारेच उपलब्ध झाले की निवडीची जबाबदारी कोणावरच राहत नाही. आज फिल्मोर ईस्टचे मार्च १९७१ चे कार्यक्रम सहा सीडींच्या पेटीत मिळतात. तेच गाणे लागोपाठच्या रात्री कसे बदलले ते पडताळता येते. अभ्यासाला यापेक्षा मोलाचे साधन नाही. तरी पेटी ऐकून झाल्यावर मी परत सात गाण्यांच्या तबकडीकडे येतो. पेटीत सामग्री आहे, तबकडीत म्हणणे आहे.

६

आता संग्राहकाकडे येऊ. जुन्या तबकड्या जमवणारा माणूस हा विनोदाचा विषय आहे आणि काही अंशी त्याने तो स्वतःवर ओढवून घेतला आहे. लीड्सच्या कव्हरवरच्या शिक्क्याची शाई काळी, निळी की लाल, यावर तो तासभर बोलू शकतो. आतले सगळे कागद शाबूत आहेत का ते मोजतो. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले बारीक आकडे तो भिंग लावून वाचतो.

पण ते आकडे निरर्थक नाहीत. मूळ टेपवरून तबकडी कोरणारा कारागीर तिथे आपली खूण सोडतो. त्या खुणेवरून ही तबकडी कोणत्या कोरणीपासून दाबली गेली ते कळते. दोन कोरण्यांमध्ये खर्ज किती ठेवला, बाजूच्या अखेरीला आवाज किती आवरला, यात फरक असतो. म्हणजे एकाच नावाच्या दोन तबकड्या ऐकायला वेगळ्या असतात. हस्तलिखिताचे वळण, शाई आणि समाप्तीचा लेख पाहून पोथीचे घराणे ठरवणारा पंडित जे करतो तेच हा भिंगवाला करतो आहे. पाठभेद ही काही फक्त शब्दांची मिरास नाही.

त्याची चूक वेगळ्या ठिकाणी आहे. पोथीचे घराणे ठरवणे हे साधन आहे. साध्य आहे पाठाचा निर्णय. संग्राहक बहुधा पहिल्या पायरीवरच मुक्काम करतो. जुनी ती खरी आणि दुर्मिळ ती थोर, असे दोन समज तो पडताळत नाही. न फोडलेली, म्हणजे एकदाही न ऐकलेली प्रत सर्वांत महाग विकली जावी, हा तर या छंदाने स्वतःवरच केलेला उपरोध आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. तिच्या संपादकांनी शेकडो हस्तलिखिते तपासली, एक पाठ स्वीकारला आणि जे स्वीकारले नाही तेही पानाच्या तळाशी नोंदवून ठेवले. वाचकाला निर्णयही मिळाला आणि निर्णय तपासण्याची सोयही. लाइव्ह तबकड्यांच्या वाढीव आवृत्त्या काढणाऱ्यांकडून याच शिस्तीची अपेक्षा करायला हवी. ती किती आवश्यक आहे, हे लीड्सच्या जुळ्या भावंडावरून दिसते.

लीड्सच्या दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, ‘द हू’ने हल येथे कार्यक्रम केला. तोही टिपला होता. पण सुरुवातीच्या काही गाण्यांत एंटविसलचे बास टेपवर उतरलेच नाही, म्हणून तो बाजूला पडला. चाळीस वर्षांनी हलचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या गाण्यांत लीड्सच्या टेपवरचे बास काढून बसवण्यात आले. विचार करा : हलच्या रात्री तिघे वाजवत आहेत आणि चौथा आदल्या रात्रीच्या लीड्समधून त्यांना साथ करतो आहे. एंटविसल त्याआधी आठ वर्षे, २००२ मध्येच वारला होता. आणि ही चार वाद्यांची वीण बेमालूम जुळते, कारण हा बँड रात्रीमागून रात्री इतका एकजीव वाजत होता. या सांध्यातून आपल्याला ‘द हू’बद्दल काहीतरी खरे कळते, पण सांधा आहे हे ठाऊक असेल तरच. न सांगता केला तर तोच सांधा बनावट ठरतो. चिकित्सक आवृत्ती आणि बनावट प्रत यांत कधीकधी एका तळटीपेचेच अंतर असते.

७

हा प्रश्न मला इतका जवळचा का वाटतो, ते शेवटी सांगायला हवे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे बँड आपल्याकडे येत नसत. १९८० च्या मार्चमध्ये ‘द पोलिस’ने मुंबईत कार्यक्रम केला, ही अपवादाची गोष्ट. बाकी मुंबई-पुण्यातल्या रॉक ऐकणाऱ्यांसाठी लाइव्ह तबकडी हाच कार्यक्रम होता. तिची जोड द्यायला आमच्याकडे आठवण नव्हती. मित्राकडून आणलेल्या जोडतबकडीवर ओसाकातल्या टाळ्या ऐकताना आम्ही एका अशा गर्दीत उभे होतो, जिच्यात आमची जागा कधीच नव्हती. म्हणूनच पुढे ‘थिन लिझी’चा वाद वाचला तेव्हा जो राग आला तो संगीताविषयी कमी आणि स्वतःच्या भाबडेपणाविषयी जास्त होता. ज्या गर्दीत मी मनाने सामील झालो होतो ती तरी खरी होती का?

मैफलीत टेपरेकॉर्डर दिसला की गाणे थांबवणारे गवई आपल्याकडे होऊन गेले. त्यांचे म्हणणे असे की गाणे समोरच्यासाठी आहे. ते त्यांच्या जागी बरोबर होते. पण त्यांच्या त्या बाण्यामुळे पुढच्या पिढीच्या वाट्याला आख्यायिका तेवढ्या आल्या. ज्यांनी टेप चालू राहू दिली त्यांचे गाणे आज तपासता येते, त्याच्याशी भांडता येते, त्यापासून शिकता येते. गैरहजर राहिलेल्यांचाही कलेवर काही हक्क असतो, आणि काळ जाईल तशी गैरहजरांचीच संख्या वाढत जाते. लीड्सच्या भोजनगृहात त्या रात्री सुमारे दोन हजार माणसे होती. आज ती तबकडी ऐकणारे आपण सगळे बाहेर उभे असलेले आहोत.

बाहेरच्यांसाठी केलेली गोष्ट आतल्यासारखी कधीच असणार नाही. तिने तशी असल्याचा आव आणला नाही तरी पुरे. ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’चा शिक्का मारलेला पुठ्ठा हा आव होता, तिची सहा गाण्यांची निवड हा आव नव्हता. ‘मेड इन जपान’ची चौथी रात्र कुठल्याच दिनदर्शिकेत सापडत नाही, तरी ती खरी आहे, कारण तिच्यातला प्रत्येक क्षण कोणीतरी जोखीम पत्करून वाजवलेला आहे. समीक्षकाने आणि संग्राहकानेही शोधायचे ते हे. शाईचा रंग त्यानंतर पाहिला तरी चालेल.